ठाण्याच्या चरईतल्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्या काकांकडून बर्मी भाषेतले बोर्ड छापून घेतले, त्याचा रिव्ह्यू

दुकानाचं नाव देत नाहीये. काकांनी स्वतः सांगितलं नाव टाकू नका, आम्ही दोनच माणसं, गर्दी झाली की कामं रखडतात आणि मग लोकांच्या लग्नपत्रिका अडकतात. पण चरईत शिरून कोणालाही "जुन्या ट्रेडलवाले स्क्रीन प्रिंटिंगवाले" असं विचारलंत (ट्रेडल म्हणजे जुनं छपाईचं यंत्र) तर हात करून दाखवतील, तलावपाळीपासून चालत सात-आठ मिनिटं, खाली दुकान आणि वर त्यांचं घर. यंदा जानेवारीत मी तिकडून ४० हातबोर्ड, दोन कापडी बॅनर, ३०० पत्रकं आणि लाल फिती करून घेतल्या. रिव्ह्यू लांब होणार आहे, कारण काम साधं नव्हतं आणि त्या माणसाने ते कसं केलं हे नीट सांगितल्याशिवाय नुसते स्टार देऊन मोकळं होणं मला जमणार नाही.

आधी काम काय होतं ते. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं, नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीनंतरची नवी संसद बसायच्या बेतात होती तेवढ्यात पहाटेच धरपकड. दुसऱ्या दिवशी रात्री यांगोन या तिथल्या सगळ्यात मोठ्या शहरात लोकांनी घराघरांतून भांडी वाजवायला सुरुवात केली, तिकडे भांडी वाजवून घरातली इडापिडा बाहेर काढायची जुनी रीत आहे. मग सरकारी हॉस्पिटलांतले डॉक्टर नर्स लाल फीत लावून कामावरून उठले, मागोमाग शिक्षक, रेल्वेवाले, बँकवाले. २२ फेब्रुवारीला देशभर संप झाला, तारखेत पाच वेळा २ येतो म्हणून तो पाच दोनचा संप, जसा आधीच्या पिढीचा ८ ऑगस्ट १९८८ चा चार आठचा उठाव. आणि हे सगळं रिकाम्या हाताने चाललेलं, तीन बोटं वर करून. म्या थ्वे थ्वे खाइंग नावाची मुलगी ९ तारखेला नेपिडॉ या राजधानीत मोर्चात उभी असताना डोक्यात गोळी लागून कोसळली, हॉस्पिटलमध्ये बेशुद्ध असताना तिला वीस वर्षं पूर्ण झाली आणि १९ तारखेला ती गेली. राजकीय कैद्यांची नोंद ठेवणारी त्यांचीच एक संघटना आहे, तिच्या यादीत आतापर्यंत मारल्या गेलेल्यांची संख्या ६ हजारांच्या वर गेलीय.

आम्ही पंधराएक जण आहोत, कोणी बँकेत, कोणी शाळेत, दोघं कॉलेजची मुलं, एक रिटायर्ड पोस्टमास्तर. दर १ फेब्रुवारीला तासभर उभं राहायचं असं ठरवलंय. घोषणा नाहीत, रस्ता अडवायचा नाही, पोलीस स्टेशनला आधी अर्ज देऊन. घोषणा नाहीत याला कारण आहे, तिकडे रस्त्यावर येणं म्हणजे गोळी खाणं झालं तेव्हा लोकांनी मूक संप काढला, एक दिवस सगळ्यांनी घरात थांबायचं, दुकानं बंद, रस्ते ओस. लष्कराने सत्ता घेतली त्याच्या पहिल्या वर्षदिनाला यांगोनचे रिकामे रस्ते फोटोत पाहिले होते, अंगावर काटा आला होता. म्हणून आम्हीही गप्प उभे राहतो, आणि गप्प उभं राहायचं म्हटलं की जे काही बोलायचं ते बोर्डानेच बोलायचं, म्हणजे छपाईवर सगळी भिस्त.

मला विचारतात की ठाण्याच्या बाईला म्यानमारचं काय एवढं. माझं माहेर रत्नागिरीचं. थिबा पॅलेसच्या आवारात खेळून मोठी झालेय, ब्रह्मदेशचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा इंग्रजांनी तिथे आणून ठेवला, १८८६ पासून १९१६ ला मरेपर्यंत तो रत्नागिरीतच, आपला देश पुन्हा दिसला नाही त्याला. आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात. मंडालेचा राजा आमच्या गावात कैद आणि आमच्या गावचा माणूस मंडालेत कैद, एकाच वेळी, कैदेत टाकणारे तेच. टिळकांना शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवस संप केला होता. तेव्हा मंडाले हे नाव मला परकं वाटतच नाही.

आता दुकानाकडे यायच्या आधी एक फसलेलं काम सांगते, त्याशिवाय काकांची किंमत कळायची नाही. गेल्या वर्षी मी बोर्ड दुसरीकडे केले होते, मोठं डिजिटल प्रिंटिंगचं दुकान, नाव राहू दे. सनबोर्डवर, म्हणजे हलक्या प्लास्टिक फोमच्या शीटवर, २० बोर्ड, संध्याकाळी दिले आणि सकाळी तयार, १४०० रुपये. मजकूर मी फेसबुकवरच्या एका जुन्या बर्मी पोस्टवरून उचलला होता. दिसायला झकास, गोल गोल अक्षरं, आम्ही खूश. फोटो काढला आणि पुण्यात शिकणाऱ्या एका बर्मी मुलीला पाठवला, माझ्या बहिणीच्या ओळखीची आहे, तिच्याबद्दल यापेक्षा जास्त काही लिहिणार नाही कारण घरचे सगळे तिकडेच आहेत. तिचा बराच वेळ रिप्लाय नाही. मग लिहिलं, "ताई, थँक यू, पण हे वाचता येत नाही."

मला रडूच आलं खरं सांगते. आम्ही तासभर जे हातात धरून उभे होतो ते तिच्या भाषेत काहीच नव्हतं, नुसते तुटलेले गोळे.

झालं होतं काय ते मला काकांनी समजावलं, बर्मी येत नसताना. मी ते जुने बोर्ड पुरावा म्हणून सोबत घेऊन गेले होते. त्यांनी चष्मा वर केला, अक्षरांमधले ते ठिपक्या-ठिपक्यांचे गोल बघितले आणि म्हणाले, "हे आपल्या श्रीलिपीसारखं झालंय बघा ताई." ज्यांनी डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर लावायचं काम, केलंय त्यांना लगेच कळेल, श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, उघडली की नुसता कचरा दिसतो. बर्मी भाषेत तसाच एक जुना फॉन्ट होता, झॉजी, वर्षानुवर्षं सगळा देश त्यावर चालला, अधिकृतपणे युनिकोडवर गेले ते १ ऑक्टोबर २०१९ ला. गंमत म्हणजे झॉजी आणि युनिकोड दोन्ही तेच कोड नंबर वापरतात पण वेगवेगळ्या अर्थाने, म्हणजे दिसताना बर्मीच दिसतं आणि वाचायला गेलं की मोडलेलं. माझी जुनी पोस्ट झॉजीतली होती. आणि सगळ्यात जास्त मोडलं होतं ते मंडाले हेच नाव, कारण बर्मीत ते न च्या पोटाखाली त लावून लिहितात, आपल्या न्त सारखं जोडाक्षर, शेवटी दोन्ही लिप्या ब्राह्मीच्याच लेकी. त्या डिजिटलवाल्याच्या छपाईत खालचा त गायब होऊन त्या जागी भलतंच चिन्ह आलं होतं. त्या दुकानात एकानेही विचारलं नाही की हे कोणी तपासलंय का. मीही विचारलं नव्हतं, माझीही चूक तेवढीच.

काकांनी पहिला प्रश्न हाच केला. "ही भाषा येणारं कोणी आहे का? असेल तर काम घेतो, नसेल तर घेत नाही." मी त्या मुलीचं सांगितलं. म्हणाले, फॉन्टच्या नादाला लागूच नका, तिला सांगा जाड स्केचपेनने कागदावर हाताने लिहायला आणि वरून सरळ फोटो काढायला, मी ट्रेसिंग पेपरवर उतरवतो. कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचं चित्र करून ठेवलेली, फाइल आणा वगैरे म्हणून मला परत पाठवलं नाही, मला आवडलं ते.

आणि दुसरा प्रश्न असा होता की मी तिथेच स्टुलावर बसले. मी मजकूर नेला होता तो आम्हीच बसून लिहिलेला, म्यानमारच्या जनतेला न्याय द्या, ठाणेकर तुमच्या पाठीशी, असं पाच ओळींचं. काकांनी वाचलं आणि विचारलं, "हे त्यांचं वाक्य आहे की तुमचं?"

त्यांचं नव्हतं. घरी येऊन त्या मुलीला फोन केला की तुम्ही लोक रस्त्यावर काय म्हणायचात. ती म्हणाली, दो अये. ८८ सालीही हेच आणि २०२१ लाही हेच, पुढचा एक जण मागणी म्हणतो आणि मागून सगळे दो अये, दो अये. दो म्हणजे आमचं, आपलं. अये म्हणजे काम, प्रश्न, ज्याच्यासाठी उभे आहोत ते. आपला प्रश्न. मी तिला विचारलं, आम्ही ठाण्यातल्या लोकांनी हे म्हणायचं का, आमच्यावर काय बेतलंय, उगाच कोणाचं दुःख अंगावर घेतल्यासारखं नको व्हायला. ती थोडं थांबून म्हणाली, म्हणा. दुसरं कोणी आमचा प्रश्न आपला म्हणालं तर आम्हाला राग कसा येईल.

तर पाच ओळींच्या दोन ओळी झाल्या. वर बर्मीत दो अये, खाली मराठीत आपला प्रश्न. आणि दुसरा बोर्ड मंडाले ते ठाणे, दोन्ही लिप्यांत.

तिने लिहून पाठवलं, सुंदर अक्षर. काकांना दाखवलं, आणि त्याच रात्री तिचा मेसेज आला की ताई, माझं अक्षर कोणी ओळखणार तर नाही ना, शाळेतल्या वह्या घरीच आहेत. ही भीती आपल्याला इथे बसून सुचत पण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भीत भीत काकांना सांगितलं कारण ट्रेसिंगचं काम त्यांनी सुरू केलं असणार. त्यांनी काय केलं माहितीय, केलेला ट्रेसिंग बाजूला ठेवला, ब्रश घेतला आणि तीच अक्षरं परत काढायला बसले, पेंटरच्या हाताने, पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे ते. "आता हे कुणाच्याच हाताचं नाही," म्हणाले. सहा वेळा काढलं. प्रत्येक वेळी फोटो काढून मी तिला पाठवायचे, ती सांगायची हा गोल उघडा हवा तो बंद झालाय, ही रेघ लांब हवी. बर्मीत एवढ्याशाने अक्षर बदलतं. सातव्या वेळेला तिने फक्त एक हार्ट पाठवलं. काकांनी विचारलं, म्हणजे बरोबर ना?

त्यानंतरचं काम म्हणजे नेहमीचं स्क्रीन प्रिंटिंग, पण ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांनी एकदा जाऊन बघा. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर इमल्शन म्हणजे उजेडाने घट्ट होणारा लेप, वरती ट्रेसिंग ठेवून लाइट मारायचा, मग पाण्याने धुतलं की अक्षराएवढी जाळी उघडी राहते आणि त्यातून रबराने शाई ओढायची. एका रंगाला एक जाळी. हातबोर्डांना त्यांनी सनबोर्ड नाही वापरू दिला, जाड पुठ्ठा आणि त्यावर छापलेला कागद चिकटवून, म्हणाले वाऱ्यात सनबोर्ड फडफडतो आणि नंतर कचऱ्यात जातो तो जातच नाही. बॅनर मांजरपाटावर. ओल्या शाईचे बोर्ड दोरीवर चिमट्यांनी लटकवलेले, पूर्ण दुकानभर दो अये दो अये, शेजारच्या डेअरीतला पोरगा येऊन विचारून गेला कोणत्या देवाचं आहे.

छपाई चालू असताना मी बसून त्यांना एकेक सांगायचे. मंडालेत ३ मार्च २०२१ ला मारली गेलेली क्याल सिन, १९ वर्षांची, तिच्या टीशर्टवर छापलेलं होतं की सगळं ठीक होईल, इंग्रजीत. काकांनी रबर ओढायचा थांबवला. म्हणाले, ते पण कोणीतरी आपल्यासारख्यानेच छापलेलं असणार ना. मी आजपर्यंत त्या फोटोकडे असं बघितलंच नव्हतं.

दुसरा बॅनर इतर देशांसाठी होता, म्हणजे जिथे जिथे लोक शांतपणे रस्त्यावर उतरले आणि मार खाल्ला. फारसीत झन, झिंदगी, आझादी, म्हणजे स्त्री, जीवन, स्वातंत्र्य, जे महसा अमिनी या तरुणीच्या पोलीस कोठडीतल्या मृत्यूनंतर सप्टेंबर २०२२ मध्ये इराणभर झालं, मूळ कुर्दी घोषणा, जिन जियान आझादी, ती स्वतः कुर्दीच होती. यातले दोन शब्द तर आपण मराठीतही बोलतो. तो मजकूर ओळखीच्या एका फारसी शिकवणाऱ्या सरांकडून लिहून आणला होता, काकांनी उजवीकडून डावीकडे बोट फिरवत बघितलं आणि त्यांना एक दिसलं जे मला दिसलं नव्हतं, की झिंदगी या शब्दात काही अक्षरं एकमेकांना धरून आहेत पण आझादी या शब्दातलं प्रत्येक अक्षर सुटं उभं आहे. सरांना विचारलं तर म्हणाले बरोबर आहे, त्या अक्षरांचा नियमच तसा. बेलारूसची पट्टी, म्हणजे तिथल्या विरोधकांचा झेंडा, सगळ्यात सोपी, पांढऱ्या कापडावर मधे एक लाल पट्टा, एकच जाळी. ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या बायका पांढरे कपडे घालून हातात फुलं घेऊन साखळी करून उभ्या राहिल्या होत्या, आणि झेंड्यावर कारवाई व्हायला लागली तेव्हा लोक बाल्कनीत लाल-पांढरे कपडे त्याच क्रमाने वाळत घालायचे. हे ऐकून काकू वरून खाली आल्या. काकूंनी मग त्यांच्या आईची गोष्ट सांगितली, सत्तरच्या दशकात मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांबरोबर महागाईविरोधात थाळ्या-लाटणी वाजवत मोर्च्याला गेलेली. भांडी वाजवायची रीत आमच्याकडून गेली की त्यांच्याकडून आली यावर अर्धा तास गेला. चहा दोनदा झाला.

चीनचं काय करायचं यावर अडलो. नोव्हेंबर २०२२ मध्ये उरुमचीत लॉकडाऊनमधल्या एका इमारतीला आग लागून दहा माणसं गेली आणि मग शांघाय, बीजिंगमध्ये मुलं हातात कोरे ए-फोर कागद धरून उभी राहिली. काहीच न लिहिलेले. हाँगकाँगमध्येही २०२० ला नवा सुरक्षा कायदा आल्यावर लोकांनी भिंतीवर कोऱ्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. आता छपाईच्या दुकानात जाऊन कोरा कागद कसा मागायचा. मी सांगितलं तसं काका उठले, आतल्या माळ्यावरून एक रीम काढली, वरचे ४० कागद मोजून दिले आणि पैसे घेतले नाहीत. मग म्हणाले, आमच्याकडे पण झालेलं की हे.

त्यांच्या वडिलांचा खिळ्यांचा, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापायचा, छापखाना होता याच जागेत, ती ट्रेडल अजून कोपऱ्यात आहे, बंद पण तेलपाणी केलेली. जून १९७५ ला काका तेरा वर्षांचे. आणीबाणी लागली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, २८ जूनच्या इंडियन एक्सप्रेसमध्ये अग्रलेखाची जागा कोरी सोडलेली होती. वडिलांनी तो अंक घडी करून खिळे ठेवायच्या पेटीखाली ठेवला होता आणि काकांना सांगितलं होतं की हे वाचून ठेव. कोरं कसं वाचायचं हे तेव्हा कळलं नाही म्हणाले. त्या एकवीस महिन्यांत वडिलांनी लग्नपत्रिका आणि बिलबुकं याशिवाय काही छापलं नाही, एकदा एक ओळखीचा मुलगा हस्तलिखित पत्रक घेऊन आला होता, त्याला नाही म्हणाले. घरात चार पोरं होती. ते नाही म्हणणं त्यांना शेवटपर्यंत लागून राहिलं होतं. एवढंच बोलून काका परत जाळीकडे वळले आणि मी पुढे विचारलं नाही.

घरी येऊन मी शोधलं की तेव्हा आपल्यासाठी बाहेरून कोणी बोललं होतं का. बोललं होतं. १५ ऑगस्ट १९७५ ला लंडनच्या टाइम्समध्ये तिथल्या लोकांनी जाहिरात दिली होती, जेपींना, म्हणजे जयप्रकाश नारायणांना, सोडा म्हणून मोहीमच होती, भारताच्या लोकशाहीचा दिवा विझू देऊ नका असा तिचा आशय. जून १९७६ ला जॉर्ज फर्नांडिस कलकत्त्यात पकडले गेले तेव्हा विली ब्रांट, ब्रुनो क्रायस्की यांच्यासारख्या युरोपातल्या समाजवादी नेत्यांनी इंदिरा गांधींकडे त्यांच्या जिवाबद्दल विचारणा केली होती. आपल्याच लोकांनी आत बसून, मार खाऊन, शेवटी मार्च १९७७ ला मतं देऊन ते संपवलं हे खरंच, पण बाहेर कोणीतरी नावानिशी विचारतंय हे आत पोचत होतं. आमच्या सोसायटीत मला एक जण म्हणाले होते की यांगोनला कोण बघणार तुमचा तलावपाळीचा बोर्ड. मी लंडनची जाहिरात सांगितली त्यांना. त्यांचे स्वतःचे काका आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबायच्या कायद्याखाली, तुरुंगात होते, गप्प झाले आणि १ तारखेला मिसेसना घेऊन आले.

१ फेब्रुवारीला संध्याकाळी तलावपाळीला आम्ही ३४ जण झालो, बोर्ड ४० होते म्हणून उरलेले बोर्ड कठड्याला टेकवले. एक तास. फिरायला आलेले लोक थांबून पत्रक घेत होते, भेळ खाता खाता वाचत होते, एक आजी विचारत होत्या हे कानडी आहे का. कोरे कागद धरून कॉलेजची दोन मुलं उभी होती, त्यांच्याकडेच सगळ्यात जास्त लोक थांबले. फोटो काढताना चेहरे येणार नाहीत असे काढले, नुसते हात आणि बोर्ड. ते त्या मुलीला पाठवले, तिने पुढे पाठवले आणि आपल्या फोनमधून पुसून टाकले.

तीन दिवसांनी तिचा फोन. तिच्या मावशीने फोटो झूम करून मोठ्याने वाचला. दो अये. मग मंडाले. मग खालची मराठी ओळ बोटाने दाखवून विचारलं हे काय लिहिलंय, आणि तिने सांगितलं की तेच लिहिलंय. मावशीने परत वाचायला लावलं, मराठीत. तर यांगोन की मंडाले की कुठे ते मी सांगत नाही, पण तिकडे एका घरात कोणीतरी "आपला प्रश्न" असं म्हणालंय.

वाचता आलं म्हणून ना हे झालं. गेल्या वर्षीचे बोर्ड पाठवले असते तर मावशीने काय वाचलं असतं?

आता व्यवहाराचं. एकूण बिल ६८५० झालं, ६८०० घेतले. चार जाळ्यांचे प्रत्येकी ४५०, हातबोर्ड ५५ ला एक, बॅनर ९०० ला एक, पत्रकं अडीच रुपये नग, फिती १०० नगांचे ३००. डिजिटलपेक्षा महाग नाही म्हणता येणार, थोडंफार तेवढंच पडतं, जास्त नग असतील तर उलट स्वस्त. ब्रशने सात वेळा काढलं त्याचा एक रुपया लावला नाही, मी दोनदा विचारलं.

तक्रारी आहेत, त्या पण लिहिते. वेळ लागतो, मला अकरा दिवस लागले, घाईचं काम असेल तर जाऊ नका. दुपारी १ ते ४ बंद म्हणजे बंद, मी उन्हात एक तास बाहेर उभी होते. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवून काम होणार नाही, स्वतः जावं लागतं. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने जा. लाल फितींचा रंग थोडा सुटला, दोघांच्या पांढऱ्या कुडत्याला डाग पडले, काकांना सांगितलं तर त्यांनी मान्य केलं की सॅटिनवर ती शाई चालायला नको होती, पुढच्या वेळी सुती फीत घेऊ म्हणाले, पैसे परत देत होते ते मी घेतले नाहीत. पत्रकांतल्या ३०० पैकी वीसेक जरा फिकट आली होती. आणि दुकानात शाईचा वास भयंकर असतो, दम्याचा त्रास असेल त्यांनी बाहेरच थांबावं. यासाठी अर्धा स्टार कमी करते, पाचापैकी साडेचार.

कोणाला दुसऱ्या भाषेत काही छापून हवं असेल, कुठल्याही देशासाठी, तर आधी ती भाषा वाचणारा माणूस शोधा आणि मगच काकांकडे जा. ते विचारणारच.

अजून एक. स्क्रीनवाले काम झालं की जाळी धुऊन टाकतात, तीच जाळी परत दुसऱ्या कामाला लागते, माझ्या मागच्या एका कामाची तर आठवड्यात धुतली होती. परवा मी उरलेले पुठ्ठे परत द्यायला गेले तर दो अयेची जाळी माळ्याखाली खिळ्याला टांगलेली, तशीच, न धुतलेली, वर वर्तमानपत्र गुंडाळलेलं. मी विचारलं राहून गेली का. म्हणाले नाही, असू दे, लागेल. तर कोणाला हवी असेल तर आपलं कापड घेऊन जा, जाळीचे पैसे लागणार नाहीत, फक्त छपाईचे. गुरुवारी दुकान बंद असतं.